सिएटलजवळ काठावरून कोहो आणि हिवाळी स्टीलहेड: कुठे, कधी, कोणत्या सामानाने?

बॉथेलकर:

नमस्कार मंडळी. सिएटलजवळ बॉथेलला राहतो. तळ्यातली ट्राउट नीट जमते, पण वाहत्या पाण्याची सवय नाही. या सप्टेंबरपासून नदीवर जायचं ठरवलं आहे. आधी कोहो (सॅमनची एक जात), मग डिसेंबर-जानेवारीत स्टीलहेड (समुद्रात जाऊन नदीत परतणारी रेनबो ट्राउट). बोट नाही, त्यामुळे सगळं काठावरून किंवा गुडघाभर पाण्यात उतरून.

हाताशी साडेसहा फुटी हलका स्पिनिंग रॉड, ६ पौंडी लाइन आणि ट्राउटचं किरकोळ सामान आहे. दुकानात गेलं की फ्लोट, ड्रिफ्ट, स्पून, ट्विचिंग अशी यादी ऐकवतात आणि प्रत्येकाला वेगळा रॉड दाखवतात. सगळं एकदम घ्यायचं नाही. कोणती नदी धरावी, पाणी कसं बघावं, आणि एकाच रॉडवर दोन्ही मासे करायचे तर काय घ्यावं? हॅचरीचा (पिल्लू पाळून सोडलेला) आणि वाइल्ड (नदीतच जन्मलेला) मासा पाण्यात असतानाच कसा ओळखायचा, हेही सांगा.

हायवे_दोन:

बॉथेलकर, सामानाआधी नदी आणि पाणी. रॉड कितीही भारी असला तरी मासा नसलेल्या पाण्यात तो काही करू शकत नाही.

तुमच्यासाठी स्कायकोमिश नदी. बॉथेलहून मन्रो, सुलतान, गोल्ड बार हा पट्टा हायवे २ च्या कडेनेच आहे आणि काठावरून पोचता येण्याजोग्या जागा भरपूर आहेत. वॉलेस नदीवरच्या हॅचरीचा कोहो याच वाटेने वर जातो, आणि गोल्ड बारजवळच्या रायटर पाँड्समध्ये स्टीलहेडची पिल्लं वाढवून सोडतात. ज्या पाण्याचा वास घेऊन पिल्लू समुद्रात गेलं त्याच पाण्याकडे ते परत येतं. म्हणून हॅचरीचा मासा हवा असेल तर हॅचरीच्या तोंडापासून खाली दोन-चार मैलांचा पट्टा धरायचा. शेजारच्या स्नोक्वाल्मी नदीवर हेच काम फॉल सिटीजवळच्या टोकल क्रीकचं.

वेळापत्रक ढोबळ असं (पिंक, चम आणि चिनूक या कोहोसारख्याच सॅमनच्या जाती). पिंक फक्त विषम वर्षी, ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर. कोहो सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. चम ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरची सुरुवात. हॅचरीचा हिवाळी स्टीलहेड थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या) आसपास दिसू लागतो, डिसेंबर-जानेवारीत भरात असतो. त्यानंतर येतो तो बहुतेक वाइल्ड, आणि त्याच्यासाठी नदीचे बरेच भाग बंद होतात. चिनूकच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नका. प्यूजेट साउंडचा (सिएटललगतच्या समुद्राच्या फाट्याचा) चिनूक १९९९ पासून आणि स्टीलहेड २००७ पासून संघराज्याच्या संरक्षित यादीत आहे. त्यामुळेच इथले नियम इतके बारीक आहेत आणि अध्येमध्ये बदलतात. नियमांचं पुस्तक जुलैपासून जूनपर्यंतचं असलं तरी आणीबाणीचे बदल वर्षभर चालू असतात. घरातून निघायच्या दिवशी सकाळी मत्स्य विभागाच्या संकेतस्थळावर त्या नदीचा तो भाग उघडा आहे ना, हे बघायचंच.

आता पाणी. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्याला लागतात, तसाच इथला कोहो शरद ऋतूतल्या पहिल्या जोरदार पावसाची वाट बघत खाडीच्या तोंडाशी खोळंबलेला असतो. नदी चढली की तो निघतो. पण चढत्या, गढूळ पाण्यात तो चालत असतो, थांबत नाही, आणि त्याला काही दिसतही नाही. मासा लागतो तो पाणी उतरायला लागल्यावर. गोल्ड बारजवळ यूएसजीएसचा (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा) पाणी मोजणारा मापक आहे, त्याचा आलेख फोनवर दिसतो. आलेखाचं टोक येऊन रेषा खाली वळली की एक ते तीन दिवस उत्तम. वरचा भाग आधी निवळतो, मन्रोच्या खाली उशिरा. म्हणून पहिल्या दिवशी सुलतानच्या वर, दोन दिवसांनी खाली.

गढूळपणा मोजायची सोपी रीत अशी की गुडघाभर पाण्यात उभं राहून बुटाचं टोक बघायचं. अजिबात दिसत नसेल तर घरी जा. अस्पष्ट, हिरवट दिसत असेल तर स्टीलहेडसाठी त्याहून चांगलं पाणी नाही. दोन ते चार फूट खोल दिसावं इतपत. कंबरभर पाण्याचा तळ लख्ख दिसत असेल तर मासा बिचकलेला असतो. तेव्हा लीडर (लाइनच्या टोकाचा, गळाला बांधायचा तुकडा) बारीक, आमिष लहान, आणि पहाटेच हजर.

हिवाळ्यात पावसाइतकीच हिमरेषेची उंची बघा. डोंगरात २,००० फुटांवर गोठत असेल तर वर बर्फ पडतो आणि नदी उतरतच राहते. तीच रेषा उबदार वादळात ७,००० फुटांवर गेली की पाऊस पडतो, साठलेला बर्फही वितळतो आणि नदी एका रात्रीत तपकिरी होते. मग चार-पाच दिवस विसरायचं, किंवा दक्षिणेला काउलिट्झ नदीवर जायचं. काउलिट्झवर मॉसीरॉक आणि मेफील्ड ही धरणं आहेत, त्यामुळे बाकीच्या नद्या फुगल्या तरी ती बऱ्याचदा मासेमारीजोगी राहते. ब्लू क्रीकपाशी काठावर गर्दी असते, पण मासाही असतो.

मासा कुठे थांबतो, यावर जास्त वेळ घालवा. स्टीलहेडला माणसाच्या चालण्याइतक्या वेगाचं पाणी आवडतं, चार ते आठ फूट खोल, तळाला नारळाएवढ्या ते फुटबॉलएवढ्या दगडांचा. वरून बघितलं तर पृष्ठभाग किंचित हललेला, पण फेसाळलेला नाही. खळाळ संपून डोह सुरू होतो ती कड, जलद आणि संथ धारेमधली शिवण, मोठ्या दगडाच्या पुढचा आणि मागचा भाग, आणि डोहाचं शेपूट जिथे पाणी पुन्हा उथळ होतं. वर चढून दमलेला मासा त्या शेपटात हमखास टेकतो, आणि लोक नेमकं तेच सोडून मधल्या खोल पाण्यात टाकत बसतात. पाणी ४० फॅरनहाइटच्या खाली गेलं की स्टीलहेड आणखी संथ, खोल पाण्यात सरकतो आणि आमिषामागे धावत नाही, त्याच्या नाकाशी न्यावं लागतं.

कोहो उलट. त्याला जवळजवळ उभं असलेलं पाणी लागतं: जुन्या प्रवाहाची फाट, लाकडं अडकलेला काठ, भोवऱ्यामागचा शांत कोपरा. ज्या पाण्याकडे स्टीलहेडवाला ढुंकून बघणार नाही तिथे कोहोचे थवे लोळत असतात.

गाभोळीवाला:

वर नदीचं आलं, मी सामानाचं लिहितो.

एकच रॉड घ्यायचा तर साडेनऊ फुटी स्पिनिंग, मध्यम ताकदीचा, ८ ते १२ पौंडी लाइनचा. साडेसहा फुटी ट्राउटचा रॉड घरीच ठेवा. तो मासा ओढू शकत नाही हे कारण दुय्यम आहे. खरं कारण असं की आखूड रॉडने पाण्यावर पडलेली लाइन उचलता येत नाही, आणि ती उचलता आली नाही तर फ्लोट नीट वाहतच नाही. रीळ ३००० किंवा ४००० चं, ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा लाइन सोडणारा ब्रेक) गुळगुळीत हवा. मुख्य लाइन ३० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन (रॉडचा ८ ते १२ चा आकडा मोनोचा आहे), कारण ती पाण्यावर तरंगते. मोनो (एकधागी नायलॉन) अर्धवट बुडते आणि धार तिला खेचून फ्लोट कडेला ओढते.

फ्लोटची जोडणी वरून खाली अशी: ब्रेडवर सरकता दोऱ्याचा स्टॉप, त्याखाली छोटा मणी, मग अर्ध्या औंसाचा सरकता फ्लोट, पुन्हा एक मणी, मग ३/८ औंसाचं लांबट शिसं, स्विव्हल (फिरती कडी), आणि १८ ते २४ इंच १० पौंडी फ्लोरोकार्बन लीडर. टोकाला १/८ औंसाची पिसाची जिग (शिशाच्या डोक्याचा गळ). शिसं आणि जिग मिळून अर्धा औंस होतो, म्हणजे फ्लोटवर लिहिलेल्या वजनाइतकाच. हा हिशेब चुकवू नका. वजन कमी पडलं तर फ्लोट उंच तरंगतो, आणि मासा जिग चाखून थुंकून देतो तरी वर काही कळत नाही. बरोबर वजनाला फक्त रंगीत टोक पाण्याबाहेर दिसतं.

खोली ठरवायची रीत. स्टॉपपासून जिगपर्यंत चार फुटांवर सुरुवात करा. वरच्या बाजूला, थोडं तिरपं टाकून पूर्ण पट्टा वाहू द्या. तळ लागला नाही तर सहा इंच वाढवा, पुन्हा टाका. फ्लोट मधूनमधून अडखळायला लागला की जिग तळाला घासते आहे. तिथून सहा ते बारा इंच कमी करा. मासा तळाशी असतो आणि वर बघत असतो. जिग त्याच्या डोळ्यांच्या किंचित वर हवी. पन्नास पावलं खाली सरकलात की खोली बदलते, तेव्हा स्टॉप पुन्हा हलवा. बहुतेकांना मासे का लागत नाहीत याचं एकच कारण द्यायचं झालं तर मी हेच देईन: सकाळी लावलेली खोली दुपारपर्यंत तशीच.

फ्लोटकडे बघून तळाशी काय चाललंय ते वाचता येतं. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जलद असतं. फ्लोटचं टोक खालच्या दिशेला झुकलं तर खालचं सामान तळाला ओढलं जातंय, म्हणजे खोली जास्त. टोक वरच्या दिशेला झुकलं तर तुम्ही लाइन ताणून धरली आहे, जिग तळावरून उचलली गेली आहे. आडवाच पडला तर शिसं तळावर बसलं. सरळ उभा राहून पृष्ठभागावरच्या बुडबुड्यांपेक्षा किंचित सावकाश चालला की समजायचं जमलं.

रॉडच्या टोकापासून फ्लोटपर्यंतच्या लाइनला पोट सुटलं की रॉड उचलून ते पोट वरच्या बाजूला टाकायचं. हळू, फ्लोट न हलवता. आणि फ्लोट बुडाला की आधी ढिली लाइन गुंडाळा, मग रॉड मागे ओढा. लाइनला पोट असताना झटका मारला तर झटका पाण्यालाच लागतो.

रंगाचं फार मनावर घेऊ नका. हिरवट पाण्यात गुलाबी-पांढरी किंवा केशरी, नितळ पाण्यात काळी-जांभळी किंवा फिकट गुलाबी. जिगच्या जागी चार इंची गुलाबी रबरी वर्म लावली तरी चालते. स्टीलहेड ती का घेतो कोणास ठाऊक, पण आवडीने घेतो.

बॉथेलकर:

हायवे_दोन, गाभोळीवाला, मनापासून आभार. रॉडचा प्रश्न मिटला. कोहोला हीच जोडणी चालेल का? उभ्या पाण्यात फ्लोट वाहणार कसा? आणि माशांची ओळख राहिलीच.

स्मिता_टॅकोमा:

उभ्या पाण्यात फ्लोटखाली गाभोळी लटकवून ठेवता येते, जिथे आमिषाला परवानगी आहे तिथे. पण कोहोसाठी ट्विचिंग शिकून घ्या. तुमचा साडेनऊ फुटी रॉड त्याला थोडा लांब पडेल. साडेसात ते आठ फुटी, टोकाला कडक असा रॉड असेल तर मनगट दुखत नाही. पहिल्या हंगामात आहे त्याच रॉडवर भागवा.

लाइन तीच ब्रेड. थेट दोन-तीन फूट १५ पौंडी मोनो लीडर, त्याला ३/८ औंसाची केसाळ जिग. फ्लोट नाही, शिसं नाही. टाका, तळाकडे जाऊ द्या. रॉडचं टोक फूट-दीड फूट झटक्याने वर, लगेच खाली, आणि खाली येताना अर्धा फेरा गुंडाळा. जिग उडी मारते आणि पडते. कोहो घेतो तो पडताना, त्यामुळे झटका जाणवत नाही. लाइन अचानक ढिली पडते किंवा पुढच्या उचलीला जड लागते. जड लागलं की ओढा. लाइनकडे नजर ठेवा, हाताच्या भरवशावर राहू नका.

झटका नेहमी वर-खाली. आडवा, लांब ओढलात तर थव्यातल्या माशाच्या पोटाला नाहीतर पाठीला गळ लागतो. असा बाहेरून अडकलेला मासा ठेवायचा नसतो, आणि मुद्दाम तसं ओढणं हा गुन्हा आहे. जिथे थवा दाट आहे तिथे तर जास्तच सांभाळा.

नदीतला सॅमन खाणं सोडून दिलेला असतो. तो चिडून किंवा सवयीने तोंड मारतो. म्हणून एकच रंग पाच-दहा वेळा नाकारला की बदला: काळा-जांभळा, गुलाबी, पोपटी. पहाटेचा पहिला तास सोन्याचा. पाण्यावर ऊन आलं की बऱ्याचदा सगळं थंडावतं, मग सावलीतला काठ शोधा. ५ नंबरचा चांदीच्या पात्याचा ब्लू फॉक्स व्हायब्रॅक्स स्पिनर खिशात असू द्या; पातं फिरत राहील एवढ्याच सावकाश वेगाने ओढायचा. स्नोहोमिश नदीच्या संथ पाण्यात डिक नाइट हे कागदासारखं पातळ छोटं स्पून (धातूच्या पत्र्याचं आमिष) शिसाखाली ओढतात, पिंक आणि कोहो दोघांनाही.

आता ओळख. आधी तोंड आणि शेपूट.
चिनूक: हिरड्या काळ्या, शेपटीच्या दोन्ही पाकळ्यांवर काळे ठिपके.
कोहो: तोंड काळपट पण दाताजवळची हिरडी पांढरट, ठिपके फक्त वरच्या पाकळीवर.
पिंक: शेपटीवर मोठे लंबगोल डाग, खवले अगदी बारीक, नदीत नराच्या पाठीवर कुबड.
चम: ठिपके नाहीत, अंगावर जांभळट उभे पट्टे.
स्टीलहेड: तोंड आतून पांढरं, शेपूट चौकोनी आणि पूर्ण ठिपक्यांनी भरलेली. शंका असेल तर पोटाखालचा गुदाजवळचा पर बघा. स्टीलहेडच्या त्या परात ८ ते १२ काड्या असतात, सॅमनच्या १३ किंवा जास्त. शेपटीजवळ धरून बघितलं तरी कळतं: सॅमनचा तिथला भाग निमुळता, पकड बसते, स्टीलहेड निसटतो.

हॅचरीच्या माशाचा पाठीवरचा मागचा छोटा मांसल पर पिल्लू असतानाच कापलेला असतो. तिथे सपाट, भरून आलेली जखम दिसली पाहिजे. पर शाबूत असेल तर तो वाइल्ड. वाइल्ड स्टीलहेड ठेवता येत नाही. ऑलिम्पिक द्वीपकल्पातल्या नद्यांवर काही ठिकाणी मुभा होती तीही २०१६ मध्ये संपली. वाइल्ड कोहोचं मात्र नदीनुसार आणि वर्षानुसार बदलतं, त्या भागाचा नियम वाचा. मासा जाळ्यात, जाळं पाण्यात, आणि तिथेच पर बघायचा. जो मासा सोडायचाच आहे तो नदीवर पूर्ण पाण्याबाहेर काढणं वॉशिंग्टनमध्ये बेकायदा आहे. फोटोसाठीसुद्धा नाही.

ठेवलेला मासा लगेच शाईच्या पेनाने कॅच कार्डावर (पकडलेल्या माशांच्या नोंदीच्या कार्डावर) लिहा. गाडीपाशी जाऊन लिहू म्हणणाऱ्यांना दंड होतो. परवाना १ एप्रिल ते ३१ मार्च चालतो आणि कार्ड ३० एप्रिलपर्यंत परत द्यायचं असतं, एकही मासा लागला नसला तरी. आणि नदीकाठी फिले करू नका. जात आणि कापलेला पर ओळखू येईल असा मासा घरापर्यंत न्या.

मिसिसागा_मराठी:

थोडं अवांतर, पण आमच्याकडे टोरोंटोजवळ, ग्रेट लेक्सच्या बाजूला हेच मासे आहेत म्हणून. इथे ते मूळचे नाहीत, माणसाने आणून सोडले. कोहो मिशिगनने १९६६ मध्ये आणि चिनूक १९६७ मध्ये. समुद्राऐवजी तळ्यातून नदीत चढतात. क्रेडिट नदीत सप्टेंबर-ऑक्टोबरला चिनूक, त्याच्या मागोमाग स्टीलहेड, कारण सॅमनची वाहून आलेली अंडी खायला मिळतात. म्हणून इथे जिगपेक्षा अंड्याएवढा ८ ते १० मिलिमीटरचा मणी जास्त चालतो. मणी लीडरवर काडीने घट्ट बसवायचा आणि गळ त्याच्याखाली दोन इंचांच्या आत. गळ मण्यापासून लांब ठेवला तर मासा तोंडाबाहेर, गालाला किंवा डोळ्याजवळ अडकतो.

तुमच्या नद्या मोठ्या आहेत, १० पौंडी लीडर चालत असेल. आमच्या छोट्या, नितळ पाण्याला ६ ते ८ पौंडी लागतो. टोरोंटोकडचे कोणी वाचत असतील त्यांनी वरचे आकडे एक पायरी उतरवून घ्यावेत.

हायवे_दोन:

मण्याबद्दल पूर्ण सहमत. स्कायकोमिशवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंक किंवा चम अंडी घालत असतील तर त्यांच्या खालच्या धारेत मणी कमाल चालतो.

गाभोळीवाल्यांशी एका बाबतीत माझं जुळत नाही. फ्लोट सगळीकडे चालत नाही. जिथे तळ उंचसखल आहे, तीन फूट, मग सहा, पुन्हा तीन, तिथे एका खोलीवर लावलेला फ्लोट अर्धा पट्टा वाया घालवतो. अशा पाण्यात ड्रिफ्ट. त्याच रॉडवर पाच मिनिटांत बदलता येतं: फ्लोट काढा, स्विव्हलच्या वर रबरी नळीत तीन इंच पेन्सिल शिसं खोचा. खाली २४ ते ३० इंच लीडर, १ किंवा २ नंबरचा गळ, टोकाचा उलटा काटा काढलेला, वर छोटी कॉर्की (तरंगती रंगीत गोळी) आणि लोकरीचा तुरा. लोकर माशाच्या दातांत अडकते, त्यामुळे तो थुंकायला क्षणभर उशीर करतो. तिरपं वर टाकायचं आणि रॉड उंच धरून वाहू द्यायचं. शिसाने तळाला दर दोन-तीन फुटांवर टिचकी मारली पाहिजे. सतत घासत असेल तर पकडीने अर्धा इंच शिसं कापा. टिचकी लागतच नसेल तर लांब तुकडा घाला. टिचक्यांची लय मध्येच थांबली, किंवा रबर ताणल्यासारखं वाटलं, तर तो मासा. शिसं नळीत खोचलेलंच असावं, बांधलेलं नको. दगडात अडकलं तर फक्त शिसं निसटून तिथेच राहतं, बाकी सामान वाचतं.

गाभोळीवाला:

हे मान्य. उंचसखल तळाला ड्रिफ्टच.

बॉथेलकर, पाण्यात उतरण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, आणि हे वगळू नका. स्कायकोमिशचे दगड शेवाळाने काचेसारखे गुळगुळीत असतात. बुटांना रबरी तळ आणि त्यात धातूचे खिळे हवेत. वेडर्सवर (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीवर) कमरेचा पट्टा घट्ट आवळलेला हवाच; पडलात तर तोच पाणी आत शिरण्यापासून रोखतो. मांडीच्या वर पाण्यात जाऊ नका, हिवाळ्यात गुडघाच पुरे. पाऊल उचलायच्या आधी काठी टेका, धारेला कूस दाखवून कडेकडेने चाला, पाठ दाखवू नका. पडलात तर उभं राहायची घाई नको. पाय खालच्या दिशेला, पाठीवर तरंगत काठाकडे. आणि तसंही स्टीलहेड बऱ्याचदा काठापासून पंधरा फुटांत असतो. आधी कोरड्यात उभं राहून जवळचं पाणी मारा, मग उतरा. लोक त्याच्यावरून चालत जाऊन लांब टाकतात.

मार्च-एप्रिलमध्ये उथळ खडीत ताटासारखा घासून उजळलेला गोल दिसला तर तिथे अंडी पुरलेली आहेत. त्यावर पाय देऊ नका, आणि तिथे जोडीने उभा असलेला स्टीलहेड दिसला तर त्याच्यावर गळ टाकू नका. सॅमन अंडी घालून मरतो, पण स्टीलहेड समुद्रात परत जाऊन पुन्हा येऊ शकतो. एक मादी वाचवली तर ती दुसऱ्यांदाही अंडी घालू शकते.

सोडायच्या माशासाठी रबरी, बिनगाठीचं जाळं. हात ओले. पकड घेऊन गळ वळवला की काटा नसल्याने सहज निघतो. खोल गिळला असेल तर लीडर तोंडाजवळ कापा. डोकं धारेकडे करून शेपटीजवळ अलगद धरा, आपणहून जोर लावेपर्यंत सोडू नका. उन्हाळी स्टीलहेडला पाणी ६५ फॅरनहाइटच्या वर गेलं की मी रॉड काढू नये असंच म्हणेन. दमलेला मासा सोडला तरी तगत नाही.

बॉथेलकर:

सगळं उतरवून घेतलं. शेवटचे दोन: ठेवलेल्या माशाचं काठावर लगेच काय करायचं, आणि कोहोच्या मादीतली गाभोळी आमिषाला कशी मुरवायची?

स्मिता_टॅकोमा:

माशाच्या डोक्यावर एक घाव, मग दोन्ही बाजूचे कल्ले कापून दहा मिनिटं वाहत्या पाण्यात दोरीला बांधून ठेवा. रक्त निघून गेलं की मांसाला वास राहत नाही. मग आतडी काढून बर्फात. पिंकचं मांस मऊ असतं, त्याला बर्फाशिवाय दोन तास ठेवलं तर पीठ होतं. त्याच दिवशी रवा लावून तळा. कोहो कालवणात तुटत नाही, पण तेलकट असल्याने नारळाचं वाटण कमी आणि कोकम जरा जास्त घाला. काळपट-लाल पडलेला, पोट सैल झालेला मासा हॅचरीचा असला तरी सोडून द्या, त्यात चव उरलेली नसते. कच्चा खायचा तर आधी उणे ४ फॅरनहाइटला सात दिवस गोठवा. घरच्या फ्रीजरचं तापमान थर्मामीटरने बघा, अनेकदा ते शून्याच्या वर असतं. आणि घरात कुत्रा असेल तर कच्च्या माशाचा तुकडाही त्याला मिळता कामा नये. इथल्या सॅमन-ट्राउटमधल्या एका कृमीतून जिवाणू जातो आणि उपचार न मिळाल्यास कुत्रा दगावतो.

गाभोळीवाला:

गाभोळीच्या दोन्ही पिशव्या अखंड काढा, पाणी लावू नका. गोड्या पाण्याने अंडी पांढरी आणि कडक होतात. रक्तवाहिन्या टोकदार सुरीने टोचून चमच्याच्या पाठीने रक्त पुसून काढा. राहिलेलं रक्त आधी सडतं. पिशवी पडद्याच्या बाजूने उघडी करून अक्रोडाएवढे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला पडदा चिकटलेला राहील असे. पडदा नसलेला तुकडा गळावर टिकत नाही.

एक वाटी बोरॅक्स, एक वाटी साखर, अर्धी वाटी बिनआयोडीनचं मीठ, आणि रंग हवा असल्यास गुलाबी आमिषरंग. हातमोजे घालून प्रत्येक तुकडा त्यात घोळवा, झिपच्या पिशवीत भरा. तासाभरात भरपूर पाणी सुटेल. घाबरून ओतून टाकू नका. दर काही तासांनी पिशवी उलटत राहिलात की अंडी तोच रस परत शोषून टपोरी होतात. फ्रिजमध्ये २४ तास, मग चाळणीवर निथळून कागदावर तासभर सुकवा. बोटाने दाबल्यावर रबरासारखं वाटलं पाहिजे, चिकट नाही. पातळ थरात पिशवीबंद करून गोठवा. पिशवीवर तारीख आणि "आमिष" असं मोठ्या अक्षरात लिहा, कारण बोरॅक्स लावलेली गाभोळी खायची नसते आणि आपल्या घरात गाभोळी दिसली की कोणीतरी तवा चढवतोच.

गळाला एग लूप गाठ मारा. तिचा फास सैल करून तुकडा आत सरकवायचा आणि घट्ट करायचा, अंडी टोचायची नाहीत. कोहोला २/० चा गळ, स्टीलहेडला १ नंबर आणि तुकडा बोराएवढाच. जिथे सिलेक्टिव्ह गियरचा नियम लागू आहे त्या भागात मात्र गाभोळी, कोळंबी, वासाचं कुठलंही आमिष चालत नाही. तिथे जिग किंवा स्पून, एकच काटेविरहित गळ.